कोपनहेगन व्हाया वडसा

युरोपीय चित्रपटांचा महोत्सव एखाद्या विद्यापीठात भरला की त्याच्या पत्रकावर 'समकालीन सामाजिक आव्हाने' हे शब्द येतातच. वर निळ्या झेंड्यावरचे बारा तारे, खाली मान्यवरांचे फोटो आणि मधल्या जागेत आव्हानांची यादी: बेरोजगारी, व्यसन, एकाकी म्हातारपण, शेतीवरचं संकट, सरकारी कचेरीत होणारी माणसाची परवड. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक ही यादी वाचून दारातच गंभीर होतो आणि मग आत जाऊन बसतो. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला होणार नाही. हीच यादी घेऊन दिवाळीच्या सुमारास वडशाला जा आणि कुठल्याही नाट्यमंडळाच्या ऑफिसात दाखवा. टेबलामागचे भाऊ चष्मा कपाळावर ढकलून विचारतील, "नाटक कोनाचं आहे जी? अन् हिरोईन कोन हाय?"

वडसा म्हणजे सरकारदरबारी देसाईगंज. गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वेचं एकच स्टेशन, ते इथलं. आणि नाटकाची राजधानीही इथलीच. दिवाळी ते होळी गावोगावची मंडळी टोळक्यानं इथं येतात, भिंतीवरची पोस्टरं न्याहाळतात, घासाघीस करतात आणि नाटक ठरवून जातात. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत मंडप पडतो. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा पट अडले, नाटकं अडली नाहीत. रात्री दहाच्या पुढेमागे सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्यात हुंडा असतो, दारू असते, सावकार असतो, शिकून घरी बसलेला मुलगा असतो, म्हाताऱ्यांना ओसरीवर काढणारा दुसरा मुलगा असतो, आणि हे सगळं अगदीच जड होऊ नये म्हणून मधे मधे लावणी असते. सामाजिक आव्हानं आमच्याकडे अशी तिकीट लावून, ऑर्गनच्या साथीवर, आजोबांच्या काळापासून चालू आहेत. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीची दखल दिल्लीनं घेतली, असं वर्तमानपत्रांत आलं. दिल्लीला आमचा पत्ता आधीही माहीत असणार. रात्रभर थंडीत बसायची तयारी नसेल, एवढंच.

तर समजा, उद्या असा महोत्सव आमच्या गोंडवाना विद्यापीठानं भरवायचा ठरवला. हे विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं आणि त्याच्या पदरी चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे पडले. दोनच म्हणून हिणवू नका. एकट्या गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. त्यात लक्झेंबर्ग नावाचा अख्खा युरोपीय देश पाच वेळा मावून वर सिरोंच्यासाठी जागा उरेल. लक्झेंबर्गच्या माणसाला सिनेमा पाहून रात्री घरी जाताना अस्वल आडवं येत नाही, हा फरक मात्र मान्य करायला हवा.

आणि पहिली अडचण तिथंच येते. आंतरराष्ट्रीय महोत्सवात संध्याकाळी सहाचा खेळ मानाचा असतो. आमच्या दोन जिल्ह्यांत संध्याकाळी सहाला वाघाचा खेळ सुरू होतो. ब्रह्मपुरीच्या बाजूला तर शेतावरचा माणूस सूर्य कलायच्या आत घराकडे वळतो. आठ वाजता सिनेमा सुटला, तर प्रेक्षकानं जायचं कसं? शेवटची एसटी गेलेली, मोटारसायकलचा दिवा एक, जंगल दोन्ही बाजूंना. झाडीपट्टीच्या रात्रभर चालणाऱ्या नाटकाकडे शहरी समीक्षक 'लांबण' म्हणून पाहतात. माझ्या मते ते शुद्ध वाहतूक-नियोजन आहे. दिवेलागणीला घोंगडी घेऊन या, उजाडल्यावर जा. मधल्या वेळेत अंधारात पाऊल टाकायचं कामच नाही.

वन्यप्राण्यांचा प्रश्न युरोपातही आहे, पण त्याची ऐट वेगळी. तिथं लांडगे परत आलेत. २०२२ च्या सप्टेंबरात जर्मनीत एका लांडग्यानं डॉली नावाची म्हातारी तट्टू-घोडी मारली. ती निघाली युरोपियन कमिशनच्या अध्यक्षबाईंची, उर्झुला फॉन डेर लायन यांची. पुढं अख्ख्या खंडात लांडग्याच्या संरक्षणावर फेरविचार सुरू झाला आणि दोनेक वर्षांत त्याचा दर्जा एक पायरी खाली आलासुद्धा. आमच्याकडे गाय गेली की वनरक्षक येतो, पंचनामा होतो, फोटो निघतो, बँकेचं पासबुक मागतात, आणि बाई गेली तरी साधारण हाच क्रम असतो. ब्रुसेल्सला कुणाचं तट्टू आहे ते पाहून कायदा हलतो, हे ऐकल्यावर आमच्या गावातला एकजण म्हणाला, "म्हंजे तिकडंही आपल्यावानीच हाय."

वेळ ठरली: रात्री दहा ते पहाटे पाच. युरोपीय सिनेमा साधारण पावणेदोन तासांचा. म्हणजे एका रात्रीत चार बसतात. एका तिकिटात चार देश. आता कार्यक्रमपत्रिका. ती मी विनामूल्य करून देतो.

उद्घाटनाला 'ड्रुक' ठेवावा. डेन्मार्कचे थॉमस विंटरबर्ग यांचा हा २०२० चा सिनेमा, पुढल्या वर्षी ऑस्कर मिळालेला. कोपनहेगनच्या एका शाळेतले चार मास्तर. एकाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला जेवायला बसतात, आणि गप्पांत एका नॉर्वेजियन मानसोपचारतज्ज्ञाच्या नावावर सांगितलं जाणारं मत निघतं, की माणसाच्या रक्तात जन्मतःच ०.०५ टक्के दारू कमी पडते. मग हे चौघे ती तूट भरून काढायचा प्रयोग सुरू करतात. प्रयोग शास्त्रीय असल्यामुळे नियम आहेत. संध्याकाळी आठनंतर प्यायची नाही, सुटीच्या दिवशी प्यायची नाही. म्हणजे राहिली ती कामाची वेळ. इतिहासाचे मास्तर शाळेच्या स्वच्छतागृहात बाटली उघडतात, यंत्रात फुंकून आकडा पाहतात आणि मग वर्गात जाऊन चर्चिलवर असं शिकवतात की पोरं ऐकत राहतात.

हा सिनेमा गडचिरोलीत दाखवायचा. ज्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे तिथं. पडद्यावर मास्तर पीत असेपर्यंत 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' ही पट्टी खाली चालू ठेवायची म्हटली, तर ती पहिल्या जेवणापासून शेवटच्या नाचापर्यंत हलणारच नाही. पहिल्या रांगेत शिक्षणाधिकारी, दुसऱ्या रांगेत उत्पादन शुल्क, तिसऱ्या रांगेत महिला बचत गटाच्या बाया. त्या बायांनी गावोगाव सडव्याची मडकी फोडून बंदी टिकवलेली, त्यांना मास्तरांच्या रक्तातल्या दशांश चिन्हाचं कौतुक कोण सांगणार? मध्यंतरात एखादी 'मुक्तिपथ' या व्यसनमुक्ती मोहिमेच्या पोस्टरावरूनच उत्तर देईल. आणि मागे उभी असलेली माणसं, जी नाटकाला नेहमी मागेच उभी असतात, ती अतिशय बारकाईनं पाहतील.

चंद्रपुरात दाखवला तर रंग निराळा. तिथं १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागली आणि २०२१ साली उठली. म्हणजे डेन्मार्कच्या चार मास्तरांनी केलेला प्रयोग चंद्रपूर जिल्ह्यानं उलट्या बाजूनं सहा वर्षं केला: आधी सगळ्यांच्या रक्तातलं प्रमाण कागदोपत्री शून्यावर आणायचं आणि मग काय होतं ते पाहायचं. निष्कर्षाबद्दल दोन्हीकडे मतभेद आहेत. नदीच्या अल्याड बंदी आणि पल्याड दुकान अशी स्थिती झाल्यापासून वैनगंगेच्या पुलाला जे सांस्कृतिक महत्त्व आलंय, त्यावर डेन्मार्कनंच एखादा सिनेमा काढावा.

मराठी माणसाला तसाही 'ड्रुक' नवा नाही. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, तेव्हाच तळीरामानं आर्यमदिरामंडळ काढलेलं होतं. तिथंही सभासद, तत्त्वज्ञान, ठराव, सगळं रीतसर. फरक पुढं पडतो. सुधाकर प्यायला की सिंधूचा संसार मातीला मिळतो आणि थिएटरात हुंदके येतात. डेन्मार्कमध्ये चारांतला एक मास्तर बुडून मरतो, बाकीचे त्याला पोचवून येतात, आणि सिनेमा संपतो तो बंदरावर मॅड्स मिकेलसनच्या नाचावर. आमच्या प्रेक्षकाला इथं खटकेल. नाचाबद्दल तक्रार नाही. उलट नाच आहे म्हणून तिकिटाचे पैसे वसूल. पण मयताच्या दिवशी नाच, आणि तोही हिरोनंच? नाचाला वेगळी बाई आणायला हवी होती, हे मत मी आत्ताच लिहून देतो.

दुसरा खेळ 'आय, डॅनियल ब्लेक'. केन लोच यांना यासाठी २०१६ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. न्यूकॅसलचा एकोणसाठ वर्षांचा सुतार. हार्ट अटॅक येऊन गेलाय, डॉक्टर म्हणतात काम करू नको, सरकारी मूल्यमापन म्हणतं तू कामाला ठणठणीत आहेस. आता भत्ता हवा तर काम शोधत असल्याचा पुरावा दे, आणि अर्ज ऑनलाइन कर. आयुष्यभर रंधा चालवलेला माणूस वाचनालयातल्या संगणकापुढं बसतो. शेजारी सांगते, माऊस स्क्रीनवर वर ने. तो माऊस उचलतो आणि स्क्रीनला लावतो.

इथं लंडनचा प्रेक्षक गहिवरतो. आमच्या सेतू केंद्राबाहेरचा माणूस विचारेल की रांगेत याचा नंबर एवढ्या लवकर लागला कसा. डॅनियलला फोनवर पावणेदोन तास संगीत ऐकवत ठेवतात. पण फोन लागला ना! भामरागडकडच्या पाड्यांवर आधी टेकडी शोधावी लागते, मग टेकडीवर दगड शोधावा लागतो, मग त्या दगडावर एका ठराविक बाजूला तोंड करून उभं राहावं लागतं, तेव्हा ओटीपी उतरतो. आणि तो उतरेपर्यंत त्याची मुदत टळलेली असते. अंगठ्याची कथा तर लोच यांना ठाऊकच नाही. सारं आयुष्य रोवणी केलेल्या, तेंदूपत्ता तोडलेल्या, बांबू सोललेल्या बाईच्या बोटावर रेषा उरलेल्या नसतात. रेशनच्या दुकानातलं यंत्र तिला ओळखत नाही. दुकानदार ओळखतो, रांगेतले सगळे ओळखतात, तिच्या सासऱ्यालाही ओळखत होते. यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. ती लुगड्याला बोट पुसते, तोंडाची वाफ देते, परत ठेवते. मी उभा होतो तेव्हा तिच्यामागची म्हातारी म्हणाली, "उलटं बोट ठेवून पाय ना बाई." उलटं बोट ठेवलं. तेही पुन्हा प्रयत्न करा.

डॅनियल शेवटी वैतागून सरकारी भिंतीवर स्प्रेनं आपलं नाव आणि मागणी लिहितो. आमच्या भिंतींवर तेवढी जागा शिल्लक नाही. तिथं आधीच नाटकाची पोस्टरं आहेत.

तिसरा खेळ आइसलँडचा, 'ह्रूतार', म्हणजे मेंढे. दोन सख्खे भाऊ, लागून शेतं, चाळीस वर्षं अबोला. निरोप द्यायचा तर चिठ्ठी कुत्र्याच्या तोंडात देतात. यावर अधिक लिहीत नाही. धुऱ्यावरून वाकडं आलेले दोन भाऊ नाहीत असं गाव या दोन जिल्ह्यांत कुणी मला दाखवावं. कुत्र्याचं काम आमच्याकडे कोतवाल करतो आणि चिठ्ठीऐवजी मोजणीची नोटीस असते, बस.

चौथा मात्र मी मुद्दाम पहाटेला ठेवीन, कारण तेव्हा माणूस खरा जागा असतो. कार्ला सिमोन यांचा 'अल्काराज', स्पेनमधल्या कातालोनियातला, २०२२ च्या बर्लिन महोत्सवातला विजेता. पीचच्या बागा पिकवणारं एक मोठं कुटुंब. जमीन पिढ्यान्‌पिढ्या हेच कसतात, पण नावावर नाही. यादवी युद्धात यांच्या पूर्वजांनी जमीनमालकाच्या घरच्यांना लपवून वाचवलं, त्या उपकारापोटी त्यानं तोंडानं सांगितलं, घ्या, कसा. कागद नाही केला. आता मालकाच्या नव्या पिढीला तिथं सौर पॅनेल लावायचेत. आजोबा घरभर कागद शोधतात. कागद कसा सापडणार? शब्द दिला होता.

हे पाहताना आमच्या माणसाला अनुवादाची पट्टी लागणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातल्या जमिनीचे दावे मागवले तेव्हा दोन्ही जिल्ह्यांत हेच चाललं होतं: कागद शोधणं. आदिवासी नसलेल्याला तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायचा. पंचाहत्तर वर्षांपूर्वी आजोबा जंगलात राहत होते याची पावती आजोबांनी कुणाकडून घ्यायची होती? रानडुकराकडून? पण कायदा करणाऱ्यांत कुणीतरी शहाणा असावा. पुराव्यांच्या यादीत, स्वतः दावेदार नसलेल्या, गावातल्या जाणत्या म्हाताऱ्याचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे अल्काराजचे आजोबा धानोरा तालुक्यात जन्मले असते, तर ग्रामसभेपुढं उभे राहिले असते, वनहक्क समितीनं जागेवर जाऊन पाहणी केली असती, आणि शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्याचं तोंडचं बोलणं शिक्क्यासह फायलीत गेलं असतं. पुढं फाईल कुठं गेली असती ते सांगवत नाही, पण सुरुवात तरी झाली असती. त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथं ठराव बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांची सहमती लागते. युरोपियन युनियनमध्येही काही बाबतीत हीच पद्धत आहे. मेंढ्यात लवकर उरकतं.

'अल्काराज'च्या शेवटी यंत्र येतं आणि झाडं उपटत जातं. कुटुंब नुसतं उभं राहून बघतं. आणि इथंच महोत्सवाची खरी कसोटी आहे. विषय आमचेच, माणसं आमच्यासारखीच. पण ही माणसं बोलत नाहीत! युरोपीय दिग्दर्शक दुःखाच्या प्रसंगी कॅमेरा लावून निघून जातो की काय कळत नाही. बाई खिडकीशी उभी. अर्धा मिनिट. एक मिनिट. बाहेर पाऊस. आमच्याकडे दहाव्या सेकंदाला मंडपातून आवाज येईल, "मशीन अटकली का जी?" विसाव्या सेकंदाला जनरेटरवाला उठून बघून येईल.

झाडीपट्टीत अशी पोकळी पडूच शकत नाही, कारण तिथं प्रॉम्प्टर असतो. तालमी कमी, प्रयोग जास्त. त्यामुळे वही घेऊन बसलेला हा माणूस अख्खं नाटक पुढून हाकतो. नट नुसता दचकला तरी वाक्य हजर. मला खात्री आहे, अशा प्रॉम्प्टरला 'अल्काराज'समोर बसवला तर तो शेवटच्या दृश्याला गप्प राहणार नाही. "बोल ना बापू," तो पडद्याकडे पाहून कुजबुजेल, "म्हन, ही माती माझी माय हाय!" आणि सांगायला हरकत नाही, मलाही कधी कधी वाटतं की त्यानं म्हणावं. संयमाचं कौतुक आहे, पण यंत्र झाडं उपटतंय तेव्हा एक स्वगत झाल्यानं कलेचं फार बिघडत नाही.

राखीव खेळ म्हणून 'वुमन ॲट वॉर' हाताशी ठेवावा, तोही आइसलँडचाच, २०१८ चा. यातली गानवृंदाची मध्यमवयीन बाई दिवसा गाणं शिकवते आणि एरवी धनुष्यबाण घेऊन डोंगरात जाते, उच्चदाबाच्या तारांवर बाणानं तार फेकून ॲल्युमिनियम कारखान्याची वीज तोडते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या सावलीत आणि गडचिरोलीच्या जंगलात हा सिनेमा दाखवण्याआधी जवळच्या ठाण्यात एक अर्ज देऊन ठेवावा, एवढंच सुचवतो. बाकी सगळ्या सिनेमांत झाडीपट्टीला काही ना काही दुरुस्ती करावी लागेल, यात नाही. कारण ही बाई जिथं जाईल तिथं तिच्यामागे वाजवणारी मंडळी प्रत्यक्ष पडद्यावर उभी असतात. माळरानावर ढोल, पेटी, भोंगा, सगळं दिसतं. समीक्षकांनी याला धाडसी प्रयोग म्हटलं. आमचे ऑर्गनवाले स्टेजसमोर बसूनच वाजवतात. लपवून वाजवायचं तर पैसे कसले घेता, असं गाव विचारतं.

देवाणघेवाण म्हटली की दुसरी बाजूही आली. त्यांचे सिनेमे इथं, तर आमचं नाटक तिथं. ही कल्पना मी वडशात एका बुकिंगवाल्या भाऊंपुढं मांडली. त्यांनी शांतपणे विचारलं, सीझन कोणता? म्हटलं, डिसेंबर. थंडी किती? म्हटलं, आपल्यापेक्षा जास्त, पण घोंगड्या लोक आपल्या आणतील. मग मी सहज सांगून गेलो की आइसलँडला डिसेंबरात सूर्य चारेक तासच असतो, बाकी वीस तास रात्र.

भाऊंनी पेन उघडलं. "वीस घंट्याची रात? मंग तं दोन नाटकं बसतेत. एक सामाजिक, एक ऐतिहासिक." हिशेब मांडता मांडता ते थांबले. "पार्टीचं जेवन कोनाकडं राहील, थे पयले पक्कं करा. मेंढ्याचं असन तं आपले दोघं-तिघं खात नाहीत."